रस्ता ओलांडला की गाव बदलतं

पत्र

प्रिय ताई,

कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत आम्ही बारा वर्षं राहतोय. अडीच वर्षांपूर्वी कौन्सिलनं आमच्या शहराच्या लायब्ररी कमिशनवर, म्हणजे ग्रंथालयाबद्दलच्या नागरिकांच्या समितीवर, माझी नेमणूक केली. चार वर्षांची टर्म, पगार नाही. मराठी पुस्तकांचं एक कपाट आणि महिन्यातून एकदा मुलांसाठी मराठी गोष्टींचा तास, एवढं माझ्या हातून उभं राहिलं.

आता आम्ही घर घेतलंय. आयुष्यातलं पहिलं. पण ते मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या शहराच्या हद्दीत आहे. इतकं जवळ की मुलीची शाळासुद्धा बदलत नाही. जूनमध्ये शाळा संपली की राहायला जाणार. कमिशनच्या नियमात लिहिलंय की सदस्य शहराचा रहिवासी असला पाहिजे. आमच्या भाड्याच्या घरात दीर-जाऊ येणार आहेत. नवरा म्हणतो, लीजवर तुझं नाव तसंच राहू दे, टपाल तिथेच येऊ दे, दीड वर्षाचाच तर प्रश्न आहे. मी कुणाचं काही खात नाही, उलट फुकट राबते. तरी झोप लागत नाही. ग्रीनकार्ड आहे, पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करायचाय.

गप्प राहू की सांगू? आणि सांगितलं तर माझ्या कपाटाचं काय? मला एकेरीच लिहा.

एक वाचक

उत्तर

अगं, आधी घराबद्दल मनापासून अभिनंदन. त्या काउंटीत पहिलं घर घेणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे. हा आनंद तुझ्या पत्रात दीड ओळीत उरकला गेलाय, आणि त्याचं कारण तो पत्त्याचा काटा आहे. म्हणून उत्तर लांबवत नाही. सांग. आणि सामान हलवायच्या आधी सांग, नंतर नको.

तुझा नवरा खोटेपणा शिकवतोय असं मला वाटत नाही. आपण सगळे अशा घरांतून आलोय जिथे रेशनकार्ड गावचं, गॅसचं पुस्तक काकांच्या नावावर, आणि मतदान जिथे यादीत नाव सापडेल तिथे. महाराष्ट्रात महापालिकेला उभं राहायचं तर त्या शहराच्या मतदारयादीत नाव हवं. ज्या वॉर्डातून उभा आहे त्याच वॉर्डात घर हवं असं नाही. त्यामुळे पत्ता म्हणजे कागदावरची एक ओळ, असं आपल्या मनात पक्कं बसलंय. ओळ जागेवर असली की झालं. तुझा नवरा तोच हिशेब मांडतोय.

कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र पत्त्याकडे असं बघत नाही. तिथल्या गव्हर्नमेंट कोडच्या कलम २४४ मध्ये निवासाची व्याख्या आहे, आणि कायद्याच्या पुस्तकात इतकी माणसासारखी भाषा मी क्वचितच वाचली आहे. कामासाठी किंवा एखाद्या तात्पुरत्या कारणासाठी बाहेर जावं लागत नाही तेव्हा माणूस जिथे असतो, आणि विसाव्याच्या वेळी जिथे परततो, ते त्याचं निवासस्थान. पुढे म्हटलंय की निवासस्थान एका वेळी एकच असतं. दुसरं मिळेपर्यंत पहिलं सुटत नाही. आणि कृती व हेतू या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ते बदलतं.

आता हे तुझ्या घराला लावून बघ. घराच्या कागदांवर सह्या झाल्या, किल्ल्या मिळाल्या, रंगकाम सुरू झालं, तरी तुझा विसावा अजून भाड्याच्या घरातच आहे. म्हणजे जूनमध्ये तू खरंच राहायला जाईपर्यंत जुन्याच शहराची रहिवासी आहेस. तोपर्यंत कमिशनच्या जेवढ्या मीटिंगा होतील त्यांत तू पूर्ण हक्कानं बसू शकतेस, मत देऊ शकतेस. घर विकत घेतलं म्हणून आजच अपराध्यासारखं वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण ज्या रात्री मुलीची गादी नव्या घरात पडेल, आणि परत जायचा विचार तुमच्यापैकी कुणाच्याच मनात नसेल, त्या रात्री कृती आणि हेतू एकत्र आले. मग लीजवर कुणाचं नाव आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

हेतूचं वजन किती असतं हे शिकागोच्या एका खटल्यात दिसलं. राज्य वेगळं, कायदा इलिनॉयचा, पण प्रश्न हाच. राम इमॅन्युएल हे राष्ट्राध्यक्ष ओबामांचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि शिकागोचं घर त्यांनी भाड्यानं दिलं. परतून महापौरपदाला उभे राहिले तेव्हा आक्षेप आला की तुम्ही वर्षभर इथले रहिवासीच नव्हतात. जानेवारी २०११ मध्ये अपील कोर्टानं त्यांना बाद ठरवलं आणि तीनच दिवसांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल एकमतानं फिरवला. भाड्यानं दिलेल्या त्या घराच्या तळघरात त्यांनी आपल्या वस्तू ठेवल्या होत्या, त्यांत बायकोचा लग्नाचा पोशाखही होता. परत यायचंच आहे, हे त्या खोक्यांतूनही दिसत होतं. तुझ्या बाबतीत असं काही आहे का? तू तात्पुरती कुठे जात नाहीयेस. तुम्ही घर घेतलंय, आणि लग्नातली पैठणी नव्याच घराच्या कपाटात जाणार.

कायद्याचं दुसरं कलम आहे १७७०. पद मुदतीआधी कधी रिकामं होतं याची त्यात यादी आहे: मृत्यू, राजीनामा वगैरे. त्या यादीत हेही आहे की ज्या स्थानिक पदासाठी स्थानिक निवास कायद्यानं बंधनकारक आहे, त्या पदावरचा माणूस तिथला रहिवासी राहिला नाही की पद रिकामं होतं. कुणी तुला काढून टाकायला हवं असं नाही. म्हणजे दीड वर्ष गप्प बसलीस तर रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसून मतं देशील. तू भाग घेतलेले ठराव त्यामुळे आपोआप रद्द होतील असं नाही. पदावर आहे असं समजून सद्भावनेनं चाललेलं काम कोर्टं सहसा उभं ठेवतात. पण तू कुठल्या अधिकारानं बसली आहेस, असा दावा राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या परवानगीनं कुणीही लावू शकतं. आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात अधिकारपृच्छा म्हणून जे होतं, तेच हे.

इथे एक गोष्ट तपासून घे. स्थानिक निवासाची अट राज्यभर एकसारखी नाही. कॅलिफोर्नियात ४८० हून जास्त शहरं आहेत आणि कमिशनवर कोण बसू शकतं हे बहुतेक वेळा प्रत्येक शहर आपल्या चार्टरमध्ये (शहराच्या मूळ सनदेत) किंवा म्युनिसिपल कोडमध्ये (शहराच्या नियमसंग्रहात) ठरवतं. कुठे फक्त 'रहिवासी' म्हटलेलं असतं, कुठे 'नोंदणीकृत मतदार', कुठे शहरात धंदा किंवा नोकरी असलेलाही चालतो. काही ठिकाणी अट नेमणुकीच्या वेळेपुरती असते, काही ठिकाणी पूर्ण टर्मभर. तुझ्या कमिशनच्या कलमात नेमके कोणते शब्द आहेत ते मूळ मजकुरात वाच, माहितीपुस्तिकेवर भागवू नकोस. तुझ्या शहरात सूट द्यायची तरतूद असेलही. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्टरमध्ये आहे: विशिष्ट अनुभव किंवा कौशल्य असलेला, काम करायला तयार असलेला रहिवासी शहरात सापडला नाही, तर नेमणूक करणारा अधिकारी निवासाची अट शिथिल करू शकतो. तशी सूट तुला मिळेल अशी आशा लावून बसू नकोस, पण विचारायला काहीच हरकत नाही. उघडपणे विचारायचं, एवढंच.

आणि टपालाच्या पत्त्यावर तर मुळीच जाऊ नकोस. तुमच्या भागात ही गफलत फार होते. ९५०१४ हा कुपर्टिनोचा झिपकोड समजला जातो, पण त्यातली काही घरं प्रत्यक्षात सॅन होजे शहराच्या हद्दीत आहेत. होमस्टेड रोडवर बऱ्याच ठिकाणी एका बाजूला सनीव्हेल आणि दुसऱ्या बाजूला कुपर्टिनो. शाळांच्या हद्दी आणखी तिसऱ्याच. कुपर्टिनो युनियन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये शेजारच्या शहरांतली मुलंही येतात. म्हणूनच तुझ्या मुलीची शाळा बदलत नाहीये, आणि म्हणूनच तुला वाटतंय की आपण गाव सोडलंच नाही. दुकान तेच, शाळा तीच, रस्ता ओलांडायला एक सिग्नल. ते वाटणं मी समजू शकते. तरी नव्या घराचा पत्ता काउंटीच्या नकाशावर एकदा टाकून बघ. कदाचित हद्दीबद्दल तुमचीच चूक झाली असेल, आणि हे सगळं पत्र वाया गेलं तर मला आनंदच होईल.

आता ज्या गोष्टीमुळे मी तुला इतक्या घाईनं लिहितेय तिच्याकडे येते. तुझं ग्रीनकार्ड.

जूनमध्ये घर हलवल्यावर तुला किती ठिकाणी नवा पत्ता लिहून द्यावा लागणार आहे, त्याचा विचार तुम्ही दोघांनी केलाय का? ग्रीनकार्डवाल्यांना पत्ता बदलल्यावर दहा दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं, एआर-११ फॉर्मवर. कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीला, म्हणजे गाड्यांचे परवाने देणाऱ्या खात्यालाही, दहा दिवसांत. घराचं कर्ज तुम्ही स्वतः राहण्यासाठी म्हणून घेतलं असेल, तर त्या कागदांत सहसा लिहिलेलं असतं की ६० दिवसांत राहायला जाऊ आणि निदान वर्षभर तेच आमचं मुख्य घर असेल. मग काउंटीकडून एक अर्ज येईल, घरमालकाच्या करसवलतीचा. त्यानं घराच्या करपात्र किमतीतून ७,००० डॉलर वजा होतात, म्हणजे वर्षाला साधारण ७० डॉलर वाचतात. सगळे भरतात, तुम्हीही भराल. त्या अर्जावर खाली सही करताना तू खोट्या साक्षीच्या शिक्षेला बांधील राहून सांगत असतेस की हेच माझं मुख्य निवासस्थान.

आणि पुढच्या वर्षी एन-४००. नागरिकत्वाच्या त्या अर्जात गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात ते तारखांसकट लिहायचं असतं, आणि चारित्र्य चांगलं आहे की नाही हे तपासलं जातं. तिथे तू जूनपासूनचा नवा पत्ता लिहिणार, कारण तोच खरा. त्याच तारखांना जुन्या शहराच्या दप्तरात तू तिथलीच रहिवासी म्हणून मतं देत असशील. मीटिंगची इतिवृत्तं सार्वजनिक असतात, बहुतेकदा व्हिडिओसुद्धा. कुणी मुद्दाम शोधायला बसेल असं मी म्हणत नाही. पण मुलाखतीच्या खोलीत, उजवा हात वर करून शपथ घेतल्यावर, कुणी विचारलं तर तू काय उत्तर देशील? बिनपगारी पदासाठी हा भार अंगावर घेऊ नकोस. नागरिकत्वाच्या वकिलाशी तुझं बोलणं होणारच असेल, तर हा मुद्दाही त्यांच्यासमोर ठेव. तुझे सगळे कागद ते बघू शकतात, मी नाही.

राहत्या घराबद्दल खोटं बोलणं किती लांब जाऊ शकतं याचं कॅलिफोर्नियातलं एक उदाहरण सांगते, तुला घाबरवण्यासाठी नव्हे. राज्याच्या सिनेटचे सदस्य रॉड्रिक राइट यांनी २००८ च्या निवडणुकीसाठी इंगलवूडमधल्या आपल्या मालकीच्या एका जागेचा पत्ता दिला होता. ते तिथे राहत नव्हते, असं ज्युरीनं मानलं, आणि २०१४ मध्ये खोटी साक्ष व मतदानातली फसवणूक धरून आठही आरोपांत त्यांना दोषी ठरवलं. त्यांना सिनेट सोडावं लागलं. २०१८ मध्ये राज्यपाल जेरी ब्राउन यांनी त्यांना माफी दिली. ते निवडून आलेलं पद होतं, तुझं नेमणुकीचं आहे, आणि लायब्ररी कमिशनवरच्या कुणाला त्यासाठी तुरुंगात जावं लागेल असं मी सुचवत नाही. पण तिथेही सगळा प्रश्न एवढाच होता की हा माणूस झोपतो कुठे.

तू लिहितेस, मी कुणाचं काही खात नाही. खरंय. तरी ही अट पैशांमुळे नाही. मी स्वतः एका शहराच्या उद्यान समितीवर आठ वर्षं होते. आमच्यातले एक सभासद फार कामाचे होते. झाडांची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नव्हती. भाडं परवडेना म्हणून ते दूर, दुसऱ्या काउंटीत राहायला गेले आणि बोलले नाहीत. सहा-सात महिने गाडी चालवत मीटिंगला येत राहिले. मग एका खेळाच्या मैदानावरून वाद पेटला. शेजाऱ्यांना रात्रीचे दिवे नको होते, आम्ही दिव्यांच्या बाजूनं शिफारस केली, आणि पुढच्याच मीटिंगला प्रेक्षकांतली एक बाई उठून म्हणाली, तुमच्यातल्या एकाच्या खिडकीत हा उजेड कधीच पडणार नाही, कारण ते या गावात राहतच नाहीत. सभागृहात कुणी काही बोललं नाही. ते सद्गृहस्थ त्या रात्री जे गेले ते परत आले नाहीत. त्यांनी दोन वर्षं खपून केलेल्या वृक्षगणनेच्या आराखड्याकडेही मग लोक संशयानं बघायला लागले. त्यांनी आधी सांगितलं असतं तर आम्ही टाळ्या वाजवून निरोप दिला असता, आणि आराखड्यावर त्यांचं नाव राहिलं असतं. ती बाई बरोबर होती, आणि ते गृहस्थही वाईट नव्हते. अजून आठवलं की मन खट्टू होतं.

त्या अनुभवामुळे माझी दोन मतं बनली आहेत आणि ती मी लपवत नाही. पहिलं, ज्या समितीच्या शिफारशीनं कुणाच्या खिडकीत उजेड पडतो, कुणाच्या घरासमोर चार मजली इमारत उभी राहते, तिथे ही अट असायलाच हवी. दुसरं, हीच अट भाडेकरूंवर फार जड पडते. ज्याचं स्वतःचं घर आहे तो वीस वर्षं एका जागी राहतो. भाडेकरूला मालकानं भाडं वाढवलं की हद्द ओलांडावी लागते आणि त्याच्याबरोबर त्याचा आवाजही त्या खोलीतून जातो. ग्रंथालय, कला, ज्येष्ठ नागरिक अशा समित्यांवर शहरात काम करणाऱ्यांना, शहर नुकतंच सोडलेल्यांना निदान टर्म पुरी करू द्यावी असं मला मनापासून वाटतं. तुलाही तसं वाटत असेल तर कौन्सिलला तसं पत्र लिही. असे नियम बदलतात. सॅन फ्रान्सिस्कोत समित्यांवर बसायला पूर्वी नोंदणीकृत मतदार असणं, म्हणजे नागरिक असणं, गरजेचं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मतदानाला ठेवलेला प्रपोझिशन सी हा प्रस्ताव मंजूर करून ती अट काढली. आता मतदानाच्या वयाचा कुठलाही रहिवासी चालतो. राज्याच्या पातळीवर २०१९ मध्ये एसबी २२५ हा कायदा झाला आणि राज्याच्या नेमणुकीच्या पदांसाठी नागरिकत्वाची अट गेली. आधीच्या राज्यपालांनी असंच एक विधेयक परत पाठवलं होतं, तरी लोकांनी पुन्हा आणलं. हे सगळं उघडपणे झालं, मत मोजून.

आता तू नेमकं काय करायचं.

येत्या आठवड्यात कमिशनच्या अध्यक्षांना आणि तुमच्याबरोबर काम करणाऱ्या स्टाफला फोन कर. पत्र नंतर, पहिल्यांदा तुझ्या तोंडून कळू दे. मग सिटी क्लर्कला, म्हणजे शहराचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला, दोन ओळींचं लेखी पत्र: घर बदलत असल्यामुळे अमुक तारखेपासून मी शहराची रहिवासी राहणार नाही, त्या तारखेपासून राजीनामा स्वीकारावा. तारीख राहायला जाण्याच्या दिवसाची, किंवा एखादा दिवस आधीची. फार आधीचीही घालू नकोस. शहराचं नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि त्याआधीच्या बजेटच्या चर्चेत तुला बसायचं असेल, तो तुझा हक्क आहे. तू फॉर्म ७००, म्हणजे आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करायचा फॉर्म, भरत असशील, तर पद सोडल्यावर तीस दिवसांत शेवटचा भरायचा असतो, तो विसरू नकोस. माणसं निरोपसमारंभाचे फोटो काढतात आणि हा राहून जातो.

तुझी जागा अंधारात भरली जाईल अशी भीती नको. मॅडी ॲक्ट नावाचा एक कायदा आहे. मुदतीआधी पद रिकामं झालं की वीस दिवसांच्या आत त्याची जाहीर सूचना लावावी लागते, आणि सूचना लागल्यावर निदान दहा कामकाजाचे दिवस कायमची नेमणूक करता येत नाही. कुठल्या समितीवर कुणाची मुदत कधी संपते, पात्रता काय, याची यादीही शहरानं दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत करायची असते, आणि ती यादी ठेवायची जागा म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. तुझ्याच लायब्ररीत ती कुठेतरी असेल. मराठी शाळेतल्या एखाद्या आईला, गोष्टींच्या तासाला न चुकता येणाऱ्या एखाद्या आजोबांना ती सूचना दाखव आणि अर्ज करायला लाव. मराठीच माणूस हवा असा माझा हट्ट नाही. तेलुगू, व्हिएतनामी, स्पॅनिश बोलणारी जी बाई तुझ्या कपाटाच्या बाजूनं उभी राहिली असेल, ती आली तरी उत्तमच.

नव्या शहराच्या समित्यांचीही माहिती काढ, पण अर्ज करण्याआधी पात्रतेचा शब्द नीट वाच. 'रहिवासी' असेल तर बिनधास्त अर्ज कर. 'मतदार' किंवा 'इलेक्टर' असेल तर नागरिकत्व मिळेपर्यंत थांब. आणि हे मी अगदी हात धरून सांगते: अर्ज पात्र व्हावा म्हणून मतदार नोंदणीच्या खिडकीजवळही जाऊ नकोस. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं म्हणजे नागरिक असल्याचा खोटा दावा, आणि त्या एका खुणेनं ग्रीनकार्ड जाऊ शकतं. एप्रिल २०१८ पासून कॅलिफोर्नियात डीएमव्हीच्या व्यवहाराबरोबर मतदार नोंदणी होते. त्याच वर्षी तिथल्या गोंधळात सुमारे १,५०० लोकांची चुकीनं नोंदणी झाली असावी असं त्या खात्यालाच सांगावं लागलं होतं, आणि त्यांत नागरिक नसलेलेही होते. जूनमध्ये लायसन्सवरचा पत्ता बदलशील तेव्हा पडद्यावरचा प्रत्येक प्रश्न दोनदा वाच.

आता तुझं कपाट. खरं सांगू, पत्रातला हा शेवटचा प्रश्नच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

लायब्ररी कमिशन बहुतेक शहरांत सल्ला देणारं असतं. कपाट तुझ्या मतावर उभं नाहीये. अमेरिकी ग्रंथालयांत जी पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी नेत नाही ती काढून टाकतात, वीडिंग म्हणतात त्याला. कपाट वाचवायचं तर पुस्तकं घरी नेली गेली पाहिजेत. शहर सोडलंस म्हणून तुझं वाचन थांबत नाही. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत राज्यातल्या कुठल्याही रहिवाशाला कार्ड मिळतं. फ्रेंड्स ऑफ द लायब्ररी, म्हणजे लायब्ररीला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या मंडळींतही पत्ता विचारून काम देत नाहीत. गोष्टींचा तास तू स्वयंसेवक म्हणून चालवत राहू शकतेस, लायब्ररीच्या बाईंशी बोलून ठेव. आणि कमिशनच्या मीटिंगला जायला तुला कुणीही अडवू शकत नाही. ब्राउन ॲक्ट, म्हणजे अशा मीटिंगा जनतेला खुल्या ठेवण्याचा कायदा, १९५३ पासून आहे. मीटिंग सगळ्यांसाठी खुली असते, नाव-गाव नोंदवल्याशिवाय आत येऊ देणार नाही असं म्हणता येत नाही, आणि अजेंड्यावरच्या विषयावर जनतेतल्या कुणालाही बोलता येतं. नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लागतो. मराठी पुस्तकांचा विषय दिसला की रस्ता ओलांडून जा आणि माइकसमोर उभी राहा. टेबलाच्या या बाजूनं बोलताना वेळ कमी मिळतो, पण आपण कोण आहोत, कुठून आलोय हे उजळ माथ्यानं सांगता येतं.

निघण्याआधी एक काम मात्र तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. कपाटातल्या सगळ्या पुस्तकांची यादी कर, देवनागरीत आणि शेजारी रोमन लिपीत. तिथल्या कॅटलॉगमध्ये मराठी शीर्षकं रोमन अक्षरांत लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, पण नोंद करणाऱ्याला मराठी येत नसेल तर 'शाळा' एका ठिकाणी एका स्पेलिंगनं आणि दुसऱ्या ठिकाणी भलत्याच स्पेलिंगनं चढतं. मग पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नाही, कुणी नेत नाही, आणि तीन वर्षांनी काढून टाकलं जातं. रंगकामवाले नव्या घरात असतील तेवढ्या शनिवार-रविवारी मुलीला घेऊन लायब्ररीत बस. ती पुस्तकांची नावं मोठ्यानं वाचेल, तू लिहून घे.